बाईंच्या कागदावर तुमचीही बाजू लिहा

*ताई, मी हर्णैची. मुलगा यंदा तिसरीत गेला, जिल्हा परिषदेच्या शाळेत. शाळा उघडली त्याच आठवड्यात नव्या बाईंनी कागद पाठवला: रोजचा गृहपाठ पालकांनी तपासून सही करायची, व्हॉट्सॲपवर आलेला अभ्यास करून घ्यायचा, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी पालकसभेला यायचंच. मी सातवी शिकलेली. सिझनला सकाळी लिलावातून माल उचलून दापोलीच्या बाजारात बसते. मालक बोटीवर खलाशी. गेल्या वर्षी एकाही सभेला जाता आलं नाही. यंदा जाईन म्हटलं तर मुलगाच म्हणाला, "तू नको येऊ, तुझ्या अंगाला म्हावऱ्याचा वास येतो." नणंद म्हणते, त्याला नालासोपाऱ्याला माझ्याकडे पाठव, इथं शाळा चांगली आहे, क्लासही लावू. काय करू?*

ताई,

आधी मुलाच्या बोलण्याचं बघू, कारण तुमची झोप त्यानंच उडवली असणार. आठ वर्षांचं पोर असं आपल्या मनानं म्हणत नाही. जन्मल्यापासून तो त्याच वासात वाढला, तुमच्या कुशीत झोपला. वर्गात कुणीतरी काहीतरी बोललं असेल, दोन-चार पोरं हसली असतील, आणि आई शाळेत आली की पुन्हा हसतील याची त्याला धास्ती बसली असेल. त्याला ओरडू नका. "याच म्हावऱ्यावर तुझं पोट भरतं" असंही सुनावू नका. ते खरं असलं तरी आत्ता त्याच्या कामाचं नाही. दोघंच असाल तेव्हा सहज विचारा, "कोण काय म्हणालं रे?" पहिल्यांदा सांगणार नाही. दोन दिवस जाऊ द्या आणि परत विचारा.

जे कळेल ते बाईंच्या कानावर घाला. घरच्या धंद्यावरून वर्गात कुणी कुणाला चिडवायचं नाही, हा नियम बाईंनीच घालायचा आहे, आणि वर्षाच्या सुरुवातीला घातला तरच तो टिकतो. कागदावर पालकांकडून अपेक्षा लिहिल्यात ना, तशीच ही तुमची बाईंकडून अपेक्षा. सभेला आई आली नाही म्हणून कुणी तुमच्या मुलाला वर्गात उभं करत असेल, तर तेही स्पष्ट बोला. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या 17व्या कलमानं मुलाला मारायलाच नाही, त्याचा मानसिक छळ करायलाही मनाई केली आहे.

बाईंना भेटायचं ते आत्ताच. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. सुक्या मासळीचा धंदा चालू असला तरी सकाळचा लिलाव नाही, आणि मुलाचे वडीलही घरी आहेत. ऑगस्टात बोटी निघाल्या की हे जमणार नाही. शाळा सुटायच्या वेळी दोघं मिळून जा. वडील गेले तर मुलालाही बरं वाटेल, पण त्यांना एकट्याला धाडू नका. तुम्हीही जायलाच हवं.

तिथं गेल्यावर माफी मागत बसू नका. सरळ सांगा: "बाई, शनिवारी सकाळी मी बाजारात असते, तेव्हा सभेला येणं होणार नाही. तुम्ही सांगाल त्या दिवशी शाळा सुटताना दहा मिनिटं येईन, नाहीतर संध्याकाळी फोन करेन. तिसरीचं इंग्रजी मला येत नाही, पण तो रोज वाचायला बसतो की नाही हे मी बघेन." एवढं पुरे. काय जमेल आणि काय नाही हे जूनमध्येच कळलं, तर बहुतेक शिक्षकांना ते हवंच असतं. त्यांना त्रास होतो तो काहीच न कळण्याचा. त्याच कायद्याच्या 24व्या कलमात शिक्षकांचं कर्तव्य म्हणून लिहिलंय की पालकांशी नियमित बैठका घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, त्याची प्रगती त्यांना सांगायची. म्हणजे तुम्ही वेळ मागताय यात उपकाराचा प्रश्न नाही. बाईंची बाजूही मनात असू द्या. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याप्रमाणे दोनच शिक्षक मिळतात. चार इयत्ता दोघांनी सांभाळायच्या, वर निवडणूक आणि जनगणनेची कामं. त्या कागदाचा कडक सूर तुमच्यावरच्या रागाचा असेल असं मला वाटत नाही.

शनिवारचंच म्हणाल तर हर्णैत ती अडचण तुमच्या एकटीची नसणार. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. तिथं कुणीतरी म्हणायला हवं की बंदरावरच्या गावात सभा संध्याकाळी ठेवा. तुमच्या आळीतल्या दोघी-तिघी बरोबर असतील तर ते तुम्हीच म्हणा.

आता गृहपाठ. सही करण्यासाठी उत्तर तुम्हाला यायलाच हवं असं नाही, त्यानं ते केलंय हे डोळ्यांनी बघितलेलं असलं म्हणजे झालं. संध्याकाळी तुम्ही मासळी साफ करत असाल तेव्हा त्याला शेजारी पाटावर बसवा आणि धडा मोठ्यानं वाचायला सांगा. पंधरा मिनिटं. मध्ये अडला तर सांगू नका, थोडं थांबा. वाचून झाल्यावर "काय होतं त्यात, मला सांग" म्हणा. घरच्या बोलीत सांगितलं तरी चालेल, त्याला समजलंय का हे त्यातूनही कळतं. गणिताला तर तुम्हाला बिचकायचं कारणच नाही. एका वाट्यात पाच बांगडे, तर सात वाट्यांना किती? शंभराला वाटा, तीन वाटे घेऊन गिऱ्हाइकानं पाचशेची नोट दिली, परत किती द्यायचे? तिसरीचा बराच गुणाकार आणि वजाबाकी यात येते, आणि तुम्ही हे कागद-पेन न घेता रोज करता. त्याला एकदा करून बघू दे. चुकला तर गिऱ्हाईक कसं भांडेल तेही सांगा, पोरांना ते आवडतं.

बाईंना तुमच्याकडून सगळ्यात जास्त उपयोग होईल तो हजेरीचा. पहिली ते पाचवीला वर्षात निदान 200 दिवस शाळा भरायला हवी असं कायदा म्हणतो, पण पोर वर्गात नसेल तर त्या दिवसांचा त्याला काय उपयोग? शिमग्याला पालखी दारात येते त्या दिवशी मूल शाळेत जाणार नाही, हे बाईंनाही माहीत असतं. त्याच्या मागचे-पुढचे आठ दिवस मात्र बुडवू नका, आणि लहान भावंडाला सांभाळायला म्हणून त्याला कधीच घरी ठेवू नका.

क्लास इतक्यात नको. दिवाळीपर्यंत बाई काय म्हणतात ते बघा, मग ठरवा.

नालासोपाऱ्याला पाठवायला माझा ठाम नकार आहे. नणंद प्रेमानंच म्हणते आहे, आणि कोकणातली कितीतरी मुलं मामा-आत्याकडे मुंबईत राहून शिकली हेही मला ठाऊक आहे. पण ती बहुतेक दहावी-बारावीच्या पुढची. हा आठ वर्षांचा आहे, आणि नुकताच म्हणाला आहे की तू शाळेत येऊ नको. लगेच लांब पाठवलात तर त्या बोलण्यामुळंच आईनं आपल्याला पाठवून दिलं, असं तो मनाशी धरून बसेल. नणंदेला सांगा, दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस आत्याकडे येईल, त्याला मुंबई दाखव. शाळा हर्णैचीच.