बॅनर एक्स्चेंजमध्ये जावं का? हळद-बेदाण्याच्या साइटसाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीतून हळद आणि बेदाणा थेट गिऱ्हाइकाला विकणारी साइट सुरू केलीय, जाहिरातीला पैसे काढणं सध्या जमत नाही, आणि एक बॅनर एक्स्चेंज सेवा म्हणतेय की तुमच्या पानांवर दुसऱ्यांचे बॅनर दोनदा दाखवा, आम्ही तुमचा बॅनर इतरांच्या साइटवर एकदा फुकट दाखवतो. जावं का? माझं मत स्पष्ट आहे. या सेवेत जाऊ नका, पण बॅनरच्या देवाणघेवाणीची कल्पना सोडूही नका. जिल्ह्यातल्या छोट्या व्यापाऱ्यांच्या साइट सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो.

आधी हिशेब करू. समजा तुमच्या साइटची पानं महिन्यात 3000 वेळा उघडली जातात आणि प्रत्येक पानावर एक परका बॅनर आहे. दोनास एक या दराने तुमचा बॅनर बाहेर 1500 वेळा दिसेल. हजारात एक जण बॅनरवर क्लिक करतो असं धरलं, तर तुमच्याकडे महिन्याला एखाद-दोन माणसं येतील आणि तुमच्याकडून तीन माणसं निघून जातील. क्लिकचा दर दोन्हीकडे सारखा धरा, मग तो कितीही वाढवा, आकडा तुमच्या विरोधातच राहतो. त्यात जाणारी माणसं 'राजापुरी हळद' असं शोधून, भाव बघायला तुमच्या पानापर्यंत पोचलेली असतात. येणारी कोण असतील हे तुम्हाला ठाऊक नसतं. 'फुकट' या शब्दाखाली हा खर्च दडलेला असतो.

मधला फरक जातो कुठे, तर सेवेच्या खिशात. त्यात लपवण्यासारखंही काही नाही, या धंद्याची रचनाच तशी आहे. 1996 साली अमेरिकेत सुरू झालेली लिंकएक्स्चेंज याच दोनास एकच्या दराने चालायची. सदस्यांनी दिलेल्या जागेतली उरलेली निम्मी जागा ती पैसे देणाऱ्या जाहिरातदारांना विकायची, आणि 1998 मध्ये मायक्रोसॉफ्टने ती 26.5 कोटी डॉलरना विकत घेतली. त्या काळी शोधयंत्रं कच्ची होती, लोक एका साइटवरून दुसरीवर बॅनर धरूनच जायचे, त्यामुळे सदस्यांनाही त्याचा उपयोग होत होता. आज तुमचं गिऱ्हाईक गूगलवर शोधतं, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरून येतं. शिवाय पुष्कळांच्या ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारी सोय असते आणि असे बॅनर तिथे उमटतसुद्धा नाहीत.

म्हणून कुठलीही सेवा तपासताना 'किती वेळा दाखवणार' हा प्रश्न मी शेवटी विचारतो. पहिला प्रश्न असतो, माझा बॅनर कुणाच्या शेजारी लागणार? त्यांच्याकडून सदस्य साइटची यादी मागा. यादी देत नसतील तर विषय तिथेच संपला. दिली तर त्यातल्या पाच-सहा साइट मोबाइलवर स्वतः उघडून बघा. मराठी किंवा निदान भारतीय वाचक येतो का? ताजा मजकूर आहे का, की नुसते बॅनरच्या खाली बॅनर? पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात हळद विकायची असेल तर परदेशी गेमिंग साइटवरची लाखभर दर्शनंसुद्धा तुमच्या कामाची नाहीत.

दुसरा प्रश्न, तुमच्या पानावर काय लागणार हे ठरवायचा हक्क कुणाकडे? विषयानुसार गाळणी आहे का, एखादा बॅनर नाकारता येतो का, हे लेखी विचारून घ्या. तासगावकडच्या एका बेदाणा व्यापाऱ्यांनी अशीच एक सेवा घेतली होती. हिरव्या बेदाण्याचा सुरेख फोटो, खाली किलोचा भाव, आणि त्याला चिकटून झटपट कर्जाच्या अ‍ॅपची लुकलुकणारी पट्टी! थोडं खाली ऑनलाइन रमी. त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, "साहेब, साइट हॅक झाली का?" सौद्यात ज्याच्या शब्दावर माल उचलला जातो त्या माणसाचं नाव कसल्या शेजाराला नेऊन बसवलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच साइटच्या सर्व्हरची नोंदवही उघडली तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. सेवेच्या अहवालात भेटी भरपूर होत्या, पण नोंदीत त्या ठराविक तीस-तीस सेकंदांच्या अंतराने, सगळ्या मुखपृष्ठावर, एकानेही दुसरं पान न उघडता. ही ऑटोसर्फची खूण आहे. म्हणजे क्रेडिट (आपली साइट इतरांना दाखवून घ्यायचा हक्क) मिळवायला लोक घड्याळ लावून एकमेकांची पानं उघडी ठेवतात, बघत कुणीच नाही. तुमच्या साइटवर अ‍ॅडसेन्स (गूगलच्या जाहिराती लावून पैसे मिळवायची सोय) असेल तर हे नुसतं निरुपयोगी नाही, धोक्याचंही आहे. ऑटोसर्फ आणि क्लिक-एक्स्चेंजची रहदारी गूगलच्या नियमांत सरळ बंदीच्या यादीत आहे आणि त्यापायी खातं बंद होऊ शकतं.

'दर्शन' कसं मोजता, हेही विचारा. जाहिरात क्षेत्रात रूढ असलेला निकष असा आहे की बॅनरचा निदान निम्मा भाग पडद्यावर सलग एक सेकंद दिसला तर तो 'दिसला' म्हणायचा. पुष्कळ एक्स्चेंज सेवा पान उघडलं की मोजतात, बॅनर पार तळाशी असला तरी. मग तुमची 1500 दर्शनं कागदावरच राहतात.

तरीही एखादी सेवा बरी वाटली आणि करून बघायचंच असेल, तर बॅनर मुखपृष्ठाकडे वळवू नका. त्याच्यासाठी वेगळं पान करा, पत्त्याला यूटीएमचं शेपूट (माणूस कुठून आला हे सांगणारे जादा शब्द) लावा, म्हणजे भेटी मोजणाऱ्या गूगलच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये ती माणसं वेगळी दिसतील. गूगल अ‍ॅनालिटिक्स 4 मध्ये दहा सेकंदांहून जास्त थांबलेली, किंवा दुसरं पान उघडलेली, किंवा ऑर्डरसारखी ठरवलेली कृती केलेली भेटच 'एंगेज्ड' धरली जाते. तुम्ही तोच आकडा बघा आणि सेवेच्या अहवालाशी ताडून बघा. आपल्याकडे निम्मी बोलणी व्हॉट्सअ‍ॅपवर होतात, म्हणून त्या पानावरच्या व्हॉट्सअ‍ॅप बटणात आधीच एक वाक्य भरून ठेवा, 'अमुक साइटवरून आलो, हळदीचा भाव सांगा'. ऑर्डर कुठून आली हे आपोआप कळतं, गिऱ्हाइकाला विचारावं लागत नाही.

आणि परका बॅनर कधीही हळदीच्या किंवा बेदाण्याच्या विक्रीच्या पानावर लावू नका. ऑर्डर पूर्ण झाल्यावर जे आभाराचं पान दिसतं, तिथे लावा. माणूस खरेदी उरकून निघालेलाच असतो, आता तो दुसरीकडे गेला तर तुमचं काही जात नाही. पाककृतीच्या लेखाच्या शेवटीही चालेल. बॅनरच्या जागेची उंची-रुंदी आधीच ठरवून ठेवा, नाहीतर बॅनर उशिरा आला की सगळं पान खाली सरकतं आणि बोट भलत्याच बटणावर पडतं.

आता मला खरंच पटलेला मार्ग सांगतो. मधला दलाल काढून टाका आणि चार-पाच जणांत थेट अदलाबदल करा, एकास एक. ज्यांचं गिऱ्हाईक तुमच्यासारखंच आहे पण माल वेगळा आहे असे शोधा: साताऱ्याचे कंदी पेढे घरपोच पाठवणारे, महाबळेश्वर-पाचगणीकडचे स्ट्रॉबेरीचा जॅम विकणारे, कोल्हापुरी मसालेवाले, कोकणातले आमरस-कोकमवाले. घरी चांगलं जिन्नस मागवणारी बाई या सगळ्यांकडे तीच असते. शिवाय हंगाम वेगवेगळे आहेत. स्ट्रॉबेरी थंडीची, हळद आणि बेदाणा पुढे उन्हाळ्याकडे, आंबा एप्रिल-मेचा. ज्याचा हंगाम चालू त्याचा बॅनर बाकीच्यांनी ठळक जागी लावायचा, असं ठरवलं की कुणाचीच जागा वाया जात नाही. एखादा त्यात कमी पडला तर फोन करून बोलता येतं, कारण माणसं ओळखीची असतात. सेवेच्या ग्राहक कक्षाकडून ही अपेक्षा ठेवता येत नाही.

अशा दुव्यांवर 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' ही खूण लावा, म्हणजे हा दुवा रँकिंगसाठी (शोधनिकालातल्या जागेसाठी) नाही हे गूगलला कळतं. रँकिंग वाढवण्यासाठी घाऊक प्रमाणात केलेली दुव्यांची अदलाबदल गूगल स्पॅम मानतं. तुम्हाला गिऱ्हाईक हवंय, रँकिंगसाठी दुवा नकोय, मग ही खूण लावण्यात तुमचं काहीच जात नाही.

बॅनर स्वतः कसा असावा, यावर थोडं. 468 बाय 60 पिक्सेलची जुनी पट्टी मोबाइलवर आक्रसते आणि देवनागरीचे रफार-उकार एकमेकांत घुसतात. 320 बाय 50 ची पट्टी किंवा 300 बाय 250 चा चौकोन करा, दुप्पट मोठा बनवून लहान दाखवा, आणि शब्द चारच ठेवा. 'आमच्या साइटला भेट द्या' यावर कुणी क्लिक करत नाही. 'सांगलीची राजापुरी हळद' आणि खाली अर्ध्या किलोचा भाव, एवढं पुरतं. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्याचं चिन्ह बॅनरवर टाकण्यापूर्वी अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी झालेली असायला हवी, तेवढं बघून घ्या.

थेट अदलाबदलीत साधं चित्र आणि दुवा पुरतो, कुणाचा कोड लागत नाही. एक्स्चेंज सेवा मात्र तुमच्या पानात स्वतःची स्क्रिप्ट (पान उघडलं की आपोआप चालणारा कोड) घालायला लावते, म्हणजे त्या सर्व्हरवरून उद्या काय येईल ते तुमच्या साइटवर चालणार. 2024 मध्ये पॉलिफिल डॉट आयओ हा, जुन्या ब्राउझरसाठी तयार स्क्रिप्ट पुरवणारा डोमेन (साइटचा पत्ता) नव्या मालकाकडे गेला आणि त्याची स्क्रिप्ट वापरणाऱ्या लाखाहून जास्त साइटवर घातक कोड पोचला. तेव्हा आधी कुठली सेवा लावून बघितली असेल तर नुसतं खातं बंद करून भागणार नाही. साइट वर्डप्रेसवर बांधलेली असेल तर विजेट, थीमचं हेडर आणि प्लगइन अशा तिन्ही ठिकाणी शोधून तो कोड काढा, कॅशे (साठवलेल्या जुन्या प्रती) रिकामा करा, आणि मग दुसऱ्याच्या मोबाइलवर साइट उघडून पट्टी खरंच गेली का ते बघा.