ईसीएचएस असताना ८२ हजारांचा आरोग्य विमा घ्यावा का?

कन्नड तालुक्यातल्या, सैन्यातून निवृत्त झालेल्या एका हवालदारांनी लांबलचक पत्र पाठवलंय. त्यातला गाभा तेवढा इथे देतो. वय ४७, पेन्शन हातात साडेसव्वीस हजार, शिवाय वडिलांच्या नावावरची सहा एकर शेती, त्यात मका आणि आलं. घरात पत्नी (४२, तीन वर्षांपासून शुगर), मुलगा (२३, संभाजीनगरला एमपीएससीची तयारी), मुलगी (१९, पुण्यात शिकते), वडील ७४ आणि आई ६८. निवृत्तीच्या पैशांतले चौदा लाख एफडीत आहेत. ईसीएचएसची (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची) कार्डं आहेत, पण आई-वडिलांची काढलेली नाहीत.

मागच्या दिवाळीत रात्री पत्नीच्या छातीत कळ आली. गाडी करून साठ किलोमीटर संभाजीनगर गाठलं. ज्या हॉस्पिटलात आधी नेलं तिथे "ईसीएचएसचे बेड नाहीत" असं सांगितलं गेलं, म्हणून मिळेल तिथे दाखल केलं. ते दुसरं हॉस्पिटल ईसीएचएसच्या यादीत नव्हतं. अँजिओग्राफी, चार दिवस आयसीयू, बिल १ लाख ८४ हजार. आलं विकून मिळालेले पैसे तिथेच गेले आणि ईसीएचएसकडून छदामही मिळाला नाही. आता नात्यातला एक विमा एजंट म्हणतोय, दहा लाखांचा फॅमिली फ्लोटर (सगळ्यांना मिळून एकच पॉलिसी) घ्या चौघांना, वर्षाला २७ हजार. आई-वडिलांची पाच लाखांची वेगळी पॉलिसी, ५५ हजार. मिळून ८२ हजार. हवालदारांचा प्रश्न असा: "ईसीएचएस नावालाच आहे, वेळेला उपयोग नाही. तर हा विमा घेऊन मोकळं व्हावं का?"

रामराम मेजर,

८२ हजार म्हणजे तुमची तीन महिन्यांची पेन्शन आणि वर काही. तीही एकदा नाही, दर वर्षी, आणि वयाबरोबर वाढत जाणारी. माझं उत्तर: चौघांचा फ्लोटर घेऊ नका, आई-वडिलांची पॉलिसीही या किमतीला घेऊ नका. मुलाची एकट्याची पॉलिसी मात्र याच महिन्यात घ्या. आणि एफडीतले तीन लाख मोडून बाजूला ठेवा, कारण त्या रात्री तुमची अडचण विम्याची नव्हती, हाताशी असलेल्या पैशाची आणि एका न केलेल्या फोनची होती.

तुमच्या हातात काय आहे ते आधी बघू. ईसीएचएस १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे, आणि त्यानंतर निवृत्त होणाऱ्या पेन्शनरला ती सक्तीची आहे. हवालदारापर्यंतच्या रँकला एकदाच ३० हजार भरावे लागतात. तुमचे निवृत्तीच्या वेळीच कापून घेतले असणार. त्या ३० हजारांत तुम्ही आणि पत्नी, दोघंही हयातभर. खर्चाला वरची मर्यादा नाही, आधीच्या आजाराला वेटिंग नाही, वय वाढलं म्हणून हप्ता नाही. तुमच्या माघारी फॅमिली पेन्शन सुरू झाली की पत्नीचं कव्हर तसंच चालू राहतं. एजंट फ्लोटरचे एका वर्षाला जेवढे मागतोय, जवळपास तेवढ्यात तुम्हाला जन्मभराचं मिळालंय. वहिनींना शुगर आहे, त्यामुळे नव्या पॉलिसीत त्या आजारासाठी आणि त्यातून उद्भवणाऱ्या दुखण्यांसाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. म्हणजे ज्या भीतीपोटी तुम्ही पॉलिसी घेताय, नेमकं तेच पहिली काही वर्षं बाहेर राहण्याची शक्यता जास्त.

हवालदाराला जनरल वॉर्ड मिळतो, सेमी-प्रायव्हेट नाही, हे खरं. पण निव्वळ खोलीसाठी वर्षाला २७ हजार मला पटत नाहीत.

आता तुमचा राग. तो खोटा नाही. यादीतली हॉस्पिटलं बिलं थकली की ईसीएचएसच्या पेशंटला टाळायला लागतात, ही तक्रार मी संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत माजी सैनिकांकडून ऐकतो. पॉलिक्लिनिक, म्हणजे ईसीएचएसचा दवाखाना, संभाजीनगरच्या छावणीत, तुम्ही कन्नडला. एका रेफरलसाठी (हॉस्पिटलात पाठवायच्या चिठ्ठीसाठी) आणि महिन्याच्या गोळ्यांसाठी वेरूळचा घाट ओलांडून जायचं, रांगेत बसायचं, अख्खा दिवस मोडायचा. कागदावर अमर्याद असलेलं कव्हर गावातून असं दिसतं. पण खासगी पॉलिसीने हे अंतर कमी होणार नाही. तिची कॅशलेस हॉस्पिटलंही संभाजीनगरातच आहेत.

त्या रात्रीचं मात्र तपशिलात सांगतो, कारण पुन्हा वेळ आली तर हेच कामाला येईल. इमर्जन्सीत रेफरल लागत नाही. यादीतलं हॉस्पिटल गाठलं तर कार्ड दाखवायचं, पुढची कळवाकळवी त्यांनी करायची. अशा वेळी पेशंट नाकारायचा नाही आणि अनामत मागायची नाही, हे त्यांच्या करारातच असतं. नाकारलंच तर वेळ, तारीख आणि कोण बोललं ते लिहून ठेवा आणि नंतर पॉलिक्लिनिकच्या ऑफिसर-इन-चार्जला लेखी द्या. यादीबाहेरच्या हॉस्पिटलात जावं लागलं तरी दार बंद होत नाही. दाखल केल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं, बिल आधी स्वतः भरायचं, मग इमर्जन्सी असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड आणि मूळ बिलं जोडून क्लेम टाकायचा. पैसे हॉस्पिटलच्या बिलाप्रमाणे मिळत नाहीत, सरकारी ठरलेल्या दराने मिळतात. फरक तुमच्या खिशातून. तरी १ लाख ८४ हजारांतला बराच भाग परत येऊ शकला असता. तुम्ही लिहिलंय की पॉलिक्लिनिकला तुम्ही पंधरा दिवसांनी गेलात. तिथेच क्लेम अडकला. उशिराचं कारण लिहून अर्ज देऊन बघा, पण त्या पैशाच्या भरवशावर बसू नका.

म्हणून ते तीन लाख. चौदा लाखांच्या एफडीतून तेवढे काढून वेगळ्या खात्यात ठेवा, पाहिजे तेव्हा मोडता येतील अशा छोट्या-छोट्या एफडींत. एटीएम कार्ड वहिनींकडेही हवं, आणि पिन त्यांना माहीत हवा. (फौजी घरांत मी हे वारंवार बघतो. सगळा व्यवहार साहेबांच्या डोक्यात, आणि आजारी साहेबच पडतात.) हा पैसा बैल, बोअर किंवा लग्नाला हात लावायचा नाही. यादीबाहेरचं बिल याच्यातून भरायचं, क्लेम आला की परत इथेच टाकायचा. दरमहा औषधं पॉलिक्लिनिकमध्ये नसली तर ती अधिकृत स्थानिक केमिस्टकडून मागवून देण्याची सोय आहे, ती मागून घ्या. चिठ्ठी बाहेरच्या दुकानात दाखवून गप्प बसू नका.

आणखी एक काम, कंटाळवाणं पण मोठं. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक आणि आधार ही तिन्ही कागदं एका टेबलावर मांडा आणि वहिनींचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. भरतीनंतर लग्न झालं, युनिटच्या क्लार्कने माहेरचं नाव लिहिलं, आधारवर सासरचं आलं, जन्मतारीख तिसरीच. तुम्ही हयात असताना रेकॉर्ड ऑफिसला प्रतिज्ञापत्र पाठवून हे दुरुस्त होतं. तुमच्या माघारी तेच काम फॅमिली पेन्शन आणि कार्ड दोन्ही रोखून धरतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात यात मदत मिळते. मुलीच्या नावाचंही तेच. तिचं वेगळं कार्ड तिच्याजवळ पुण्यात असू द्या, कारण ते देशातल्या कुठल्याही पॉलिक्लिनिकमध्ये चालतं, आणि पुण्यात एक सोडून अनेक आहेत. लग्न किंवा नोकरी होईपर्यंत ती तुमच्या कार्डावर राहू शकते.

मुलाचं तसं नाही. मुलगा २५ वर्षांचा झाला, कमावू लागला किंवा त्याचं लग्न झालं, यातलं जे आधी होईल तेव्हा ईसीएचएसमधून बाहेर. तुमच्या घरात उघडं पडणारं माणूस हेच आहे, आणि एजंटाने त्यालाच फ्लोटरच्या गर्दीत लपवलंय. परीक्षा निघाली तर सरकारी सोय होईल. पण एमपीएससीचा निकाल आणि पाऊस यांचा अंदाज बांधून घर चालवू नये. त्याच्या एकट्याच्या नावावर दहा लाखांची साधी पॉलिसी घ्या; या वयाला हप्ता वर्षाला आठ-दहा हजारांच्या घरात बसेल. दोन वर्षं आधी घेतल्याने वेटिंगचा काळ ईसीएचएस चालू असतानाच संपत येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, तेव्हा कोटेशनमध्ये तो लावलेला नाही ना हेही बघा.

आई-वडिलांचा विषय जरा गुंतागुंतीचा आहे. ईसीएचएसमध्ये आई-वडील आश्रित धरले जातात, पण दोघांचं मिळून सगळ्या मार्गांचं उत्पन्न महिन्याला ९ हजार रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता, याच्या आत असावं लागतं, आणि ते तुमच्यासोबत राहत असावेत. सहा एकर वडिलांच्या नावावर, त्यात आलं. ज्या वर्षी भाव असतो त्या वर्षी हा आकडा सहज ओलांडला जातो, पडला तर मुद्दलही निघत नाही. तलाठ्याकडून कमी उत्पन्नाचा दाखला आणणं अवघड नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. आणू नका. तक्रार झाली तर फक्त आई-वडिलांचं नाही, तुमचंही कार्ड अडकतं. मागच्या काही वर्षांची विक्रीची पट्टी आणि खर्च मांडा, खरोखर आत बसत असतील तर अर्ज करा आणि इथून पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या.

बसत नसतील तर वडिलांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यावरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार. यात एक अट नीट ऐका: ज्याला ईसीएचएस आहे त्याने दोन्हींपैकी एकच निवडायचं असतं. गावात शिबिर लागलं, मंडपात अंगठा घेतला, कार्ड हातात आलं, असं घाईने होऊ देऊ नका. आधी ईसीएचएसचा निकाल लावा. आईंचं वय ६८ तुम्ही आधारवरून लिहिलंय ना? या योजनेत आधारवरचंच वय धरतात, आणि आपल्याकडे त्या पिढीच्या तारखा अंदाजपंचे टाकलेल्या असतात. तोपर्यंत त्यांना महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. आपल्या मराठवाड्यातल्या शुभ्र रेशनकार्डाच्या शेतकरी कुटुंबांना ती आधीपासूनच होती, आता राज्यातल्या सगळ्याच रेशनकार्डधारक कुटुंबांना आहे, मर्यादाही दीड लाखावरून पाच लाखांवर गेलीय. रेशनकार्डावर आईंचं नाव आहे आणि आधारशी जुळतं, एवढं तपासा. या दोन्ही योजना दाखल होऊन घेतलेल्या ठरावीक उपचारांसाठी आहेत; रोजच्या गोळ्या आणि तपासण्या त्यात येत नाहीत.

मग ५५ हजारांची पॉलिसी कशाला नको? आईंचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय. गुडघा बदलणं, मोतीबिंदू, हर्निया यांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. या वयाच्या पॉलिसींत को-पे असतो, म्हणजे बिलाचा ठरलेला हिस्सा तुम्हीच भरायचा. आणि ७४ व्या वर्षी ५५ हजार, तर ८० व्या वर्षी किती याचं उत्तर एजंट देणार नाही. त्यातले तीस हजार दर वर्षी दोघांच्या नावाने वेगळे टाकत चला. यात जोखीम नाही असं मी म्हणत नाही. पाच लाखांच्या वरचं एखादं मोठं दुखणं आलं तर शेतावर येईल किंवा संभाजीनगरच्या सरकारी घाटी रुग्णालयात जावं लागेल. तुमच्या उत्पन्नात मी ही जोखीम पत्करेन. तुमच्या भावाचं उत्पन्न धरून हिशेब वेगळा निघत असेल तर त्याच्याशी बोला, आई-वडील त्याचेही आहेत.

एवढं सगळं वाचूनही तुम्हा नवरा-बायकोची धाकधूक जात नसेल, तर फ्लोटरऐवजी सुपर टॉप-अप बघा. पाच लाखांपर्यंतचा खर्च आपला, त्यावरचा कंपनीचा. हप्ता फ्लोटरच्या मानाने बराच कमी असतो आणि हॉस्पिटल ईसीएचएसच्या यादीत असण्याची गरज नाही. खालचे पाच लाख कुणी भरले, तुम्ही की ईसीएचएसने, याने फरक पडत नाही ना, हे कंपनीकडून लेखी घ्या. मी स्वतः तुमच्या जागी हे घेतलं नसतं, पण घेतलंत तर चुकलात असंही म्हणणार नाही.

पेन्शन ज्या बँकेत येते तिथे एक विचारा. सैनिकांच्या पॅकेजचं खातं असेल तर अनेक बँका पेन्शनरला अपघात विमा फुकट देतात. नॉमिनी लावलेला आहे का तेही बघून या.

राहिला तुमचा नातेवाईक एजंट. त्याला महिनाअखेर सही हवी आहे, तर मुलाची पॉलिसी त्याच्याकडूनच घ्या, नातंही राहील. फक्त फॉर्म त्याला भरू देऊ नका. मुलाला लहानपणी दमा होता असं तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय. "ते कशाला लिहायचं, आता कुठे आहे" असं तो म्हणेल. लिहा. हप्ता थोडा वाढला तरी चालेल. पॉलिसी हातात आली की तीस दिवसांच्या आत वाचून काढा, न पटल्यास त्या मुदतीत परत करता येते.