तीन बटणांची सावली व्हिडिओ लावून जाते का?

प्रश्न असा आहे: तीन वर्षं वापरलेल्या अ‍ॅमोलेड फोनवर खालच्या तीन बटणांची फिकट सावली दिसते, यूट्यूबवरचा लाल-हिरवा-निळा लुकलुकणारा 'बर्न-इन फिक्स' व्हिडिओ रात्रभर लावला तर ती जाईल का?

जाणार नाही. पण आधी ते बर्न-इनच (म्हणजे एकच चित्र फार वेळ राहून स्क्रीनवर उमटलेला कायमचा डाग) आहे का, ते बघा. स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर उघडा. सावली तिथेही दिसली तर भानगड सॉफ्टवेअरची, नाही दिसली तर डिस्प्लेची. मग एक कोरं राखाडी चित्र पूर्ण स्क्रीनवर उघडून खोलीतला दिवा घालवा. एरवी लपलेलं सगळं राखाडीवर उघडं पडतं. फोन एलसीडीवाला (स्क्रीनमागून उजेड पाडणारा प्रकार) असेल तर असला डाग थोडा वेळ बंद ठेवल्यावर बहुतेक वेळा आपणहून जातो. ओलेडचं तसं नाही, आणि अ‍ॅमोलेड हा ओलेडचाच प्रकार.

'बर्न' या शब्दानं सगळा घोळ केलाय. जळून काही चिकटत नाही, झिजतं. ओलेडला मागून वेगळा उजेड नसतो. प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, आणि जितका उजळतो तितका म्हातारा होतो. त्यातही निळा सगळ्यांत आधी थकतो, म्हणून झिजलेली जागा बऱ्याचदा पिवळसर दिसते. शर्टाची कॉलर बाकी कापडाच्या आधी विरते ना, तसंच. आणि तो व्हिडिओ काय करतो? उरलेला शर्टही कॉलरइतका विरवतो. फरक थोडा कमी जाणवेल, पण आयुष्य सगळ्याच स्क्रीनचं खर्ची पडेल.

उलटाही प्रकार असतो. खालची पट्टी कायम काळी राहिली तर तिथले ठिपके ताजे राहतात आणि बाकीचे थकतात, मग पट्टी उजळ दिसते. २०१७ साली गूगलच्या पिक्सेल २ एक्सएल या फोनवर याच बटणांच्या सावलीवरून बोंबाबोंब झाली होती. गूगलनं अपडेट देऊन बटणं आपोआप मंद होतील असं केलं, कमाल ब्राइटनेस थोडा उतरवला आणि वॉरंटी दोन वर्षांची केली. जुना डाग पुसायचं अपडेट मात्र नव्हतं.

माझा मेहुणा टॅक्सी चालवतो. फोन दिवसभर काचेखाली, उन्हात, चार्जिंगला लावलेला, ब्राइटनेस पूर्ण, समोर नकाशा. वर्षभरात नकाशावरची वरची पट्टी व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा दिसायला लागली. जास्त उजेड, उष्णता आणि हलत नसलेलं चित्र, तिन्ही एकत्र आले की असंच होणार. त्याला मी एकच सांगितलं, नकाशाला जुना एलसीडी फोन वापर. आता तो तेच करतो.

तुमच्यासाठी: ब्राइटनेस ऑटोवर ठेवा, स्क्रीन ३० सेकंदांत बंद होऊ द्या, बटणं काढून जेश्चर (बोट सरकवून फोन चालवायची सोय) घ्या. डार्क मोडचा फायदा आहे, पण ठरलेल्या जागी तीच पांढरी चिन्हं तासन् तास राहिली तर तीही उमटतात. ऑलवेज-ऑन, म्हणजे स्क्रीन बंद असतानाही दिसणाऱ्या घड्याळाची फार धास्ती नको, ते मंद असतं आणि थोडं थोडं सरकत राहतं.

सावली फक्त राखाडीवरच दिसत असेल तर मी पैसे घालवणार नाही. डिस्प्ले बदलायचाच झाला तर दुकानात आधी विचारा, ओलेड बसवताय की स्वस्तातला एलसीडी? स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट एलसीडी कॉपीवर सहसा चालत नाही. अंगठा लावून बघा, मगच पैसे द्या.