आलापल्लीची सापसुरळी: पाल नाही, पण नावात पल्ली आहेच

प्रश्न असा आलाय की आलापल्लीच्या जंगलावरून जिचं नाव पडलंय त्या छोट्या सापसुरळीला (इंग्रजीत स्किंक) मराठीत 'आलापल्ली पाल' म्हटलं तर चालेल का, आणि ही सापसुरळीची 'प्रजाती'च ना?

आधी दुसरं घेतो कारण ते ऐकून ऐकून कान किटलेत. ती जाती आहे, प्रजाती नाही! मराठीत शाळेच्या पुस्तकापासून विश्वकोशापर्यंत क्रम ठरलेला आहे, वर्ग, गण, कुल, प्रजाती (इंग्रजीत जीनस), जाती (स्पीशीज). म्हणजे प्रजातीच्या पोटात जाती. हिंदीत वरच्या पायरीला 'वंश' म्हणतात, त्यामुळे तिकडे प्रजाती हा शब्द खालच्या पायरीला मोकळा मिळाला, तो बातम्यांमधून आपल्याकडे शिरला आणि आता रोज कुणीतरी 'नवी प्रजाती सापडली' लिहितो. नवी प्रजाती सापडणं ही केवढी मोठी गोष्ट असते, अहो! वर काही भाषातज्ज्ञ सांगतात की रूढ झालंय तर स्वीकारा. का स्वीकारा? मग युट्रोपिसला, म्हणजे ही सापसुरळी ज्या प्रजातीत येते तिला, काय म्हणणार, हे ते सांगत नाहीत.

ह्याच सापसुरळीचं बघा. १९२६ मध्ये शिकागोच्या कार्ल श्मिट ह्या सरीसृपतज्ज्ञाने तिचं नाव ठेवलं माबुया आलापल्लेन्सिस. नमुना तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या जंगलातला, आज तो भाग गडचिरोलीत येतो. तेव्हा माबुया ही प्रजाती म्हणजे नुसतं गोदाम होतं, आशिया आफ्रिका अमेरिका सगळीकडच्या सापसुरळ्या त्यात कोंबलेल्या. २००२ मध्ये ते फोडलं, माबुया नाव अमेरिकेकडच्यांना राहिलं आणि आपल्याकडच्या गेल्या युट्रोपिसमध्ये. (ग्रीकमध्ये ह्याचा अर्थ चांगला कणा असलेली, कणा म्हणजे होडीच्या तळाला असतो तो, कारण ह्यांच्या पाठीच्या खवल्यांवर तशा उभ्या बारीक धारा असतात.) म्हणजे प्रजाती बदलली, जाती तीच राहिली. हे वाक्य दोन्हीला प्रजाती म्हणणाऱ्याने लिहून दाखवावं. आणि हा बदल नावात दिसतोसुद्धा, आता श्मिटचं नाव आणि साल कंसात लिहितात, कंस दिसला की समजायचं पहिली प्रजाती सुटली.

'एन्सिस' म्हणजे अमुक ठिकाणचा. आलापल्लेन्सिस म्हणजे सरळ आलापल्लीकर.

आता खरी मजा. संस्कृतात पल्ली म्हणजे लहान वस्ती, आणि पल्ली म्हणजेच पाल! पंचांगात 'पल्लीपतन' (अंगावर पाल पडल्याचं शुभाशुभ) असतं ती हीच. बरेच जण पाल शब्द संस्कृत पल्लीवर नेऊन सोडतात आणि हात झटकतात, मला हे अजिबात पटत नाही कारण गोष्ट तिथे सुरू होते. दक्षिणेकडे बघा ना. तमिळमध्ये वस्ती ती पळ्ळि आणि पाल ती पल्लि. कन्नडमध्ये प चा ह झाला, गाव हळ्ळी आणि पाल हल्ली. तेलुगूत दोन्हीकडे ल च आहे पण गाव पल्ले आणि पालीला ब लागून बल्ली. म्हणजे तिन्ही भाषांनी हे दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवलेत, आणि वेदानंतरच्या संस्कृतात ळ ची सोय नाही म्हणून दोन्ही एका पल्लीत येऊन पडले. बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशातही ह्या दोन वेगळ्या नोंदी आहेत, तरी लोक 'पल्ली एकच शब्द, अर्थ दोन' म्हणतात! एक शब्द नाहीच तो, दोन आहेत. आलापल्ली हे तेलुगूच्या शेजारचं गाव म्हणून ल्ल, तेच कन्नडच्या बाजूला असतं तर हळ्ळी झालं असतं. आपल्याकडची पाल, पाली ही गावांची नावंही वस्तीवाल्या पल्लीतूनच आली असणार असं माझं पक्कं मत आहे, चुकचुकणाऱ्या पालीचा तिथे काही संबंध नाही. आपल्याकडे ळ असून तो तिथे का टिकला नाही ह्यावर मी कितीतरी दिवस विचार करतोय, मला वाटतं ती नावं प्राकृतातून जोड-ल्ल घेऊन आली, आणि जोड-ल्ल चा मराठीत ल होतो, ळ होतो तो सुट्या ल चा. फल्ल असतं तर फाल झालं असतं, फळ झालं ते फल होतं म्हणून.

हां, तर नाव. पाल म्हणू नका. घरातल्या पालीला हलणारी पापणी नसते, ती जिभेने डोळा पुसते. सापसुरळी डोळा मिटते, अंग गुळगुळीत चकचकीत, मान अशी वेगळी दिसतच नाही, गुंडाळलेल्या कागदाच्या सुरळीसारखी सगळी एकसारखी, आणि सुरळी शब्द माझ्या मते तिथूनच. कुलही वेगळं, सिंसिडी. तेव्हा 'आलापल्ली सापसुरळी' म्हणा, ल वर नीट जोर देऊन.