'ऑफशोअर' हे विशेषण नेमके कोणाचे?

धुळ्याच्या एका वाणिज्य-प्राध्यापकांनी 'इंटरनॅशनल ऑफशोअर लॉ फर्म'च्या वाढीवरील टिपणात 'आंतरराष्ट्रीय अपतटीय विधी संस्थेची वृद्धी' असा शब्दप्रयोग केला असून, तो योग्य आहे का असे विचारले आहे. माझ्या मते त्यातील 'आंतरराष्ट्रीय' तेवढे ठेवावे.

'अपतटीय' हा शब्द मुंबई हायच्या तेलविहिरींना शोभतो, कारण त्या खरोखरच समुद्रात आहेत. अर्थव्यवहारात मात्र, जेथे बाहेरच्या लोकांना कमी करात व सोयीच्या कायद्याखाली कंपनी नोंदवता येते, अशा ठिकाणांना 'ऑफशोअर' म्हणतात, आणि तेथे समुद्राचा संबंध नावापुरताच राहिला आहे. बर्म्युडा, केमन, जर्सी ही बेटे असली, तरी चहूबाजूंनी जमिनीने वेढलेल्या लक्झेंबर्गलाही पुष्कळ जण याच वर्गात धरतात. 'परदेशी' म्हणावे, तर धुळ्याहून पाहताना लंडनची प्रत्येक पेढी परदेशीच ठरते. खरी गोष्ट अशी, की येथे 'ऑफशोअर' हे विशेषण पेढीचे नसून कायद्याचे आहे. बर्म्युडात १९२८ साली सुरू झालेली कॉनयर्स आणि ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर १९६० साली सुरू झालेली हार्नीज या दोन वकिली पेढ्यांची कार्यालये आज हाँगकाँग, लंडन आणि सिंगापूर येथेही आहेत. परंतु तेथे बसलेले त्यांचे वकील मुख्यतः बेटांच्या कायद्यावर सल्ला देतात, त्या त्या शहराच्या कायद्यावर नव्हे.

ही रचना कशी घडली, हे १९८४ या एका वर्षाकडे पाहिले तरी उमगते. हाँगकाँग १९९७ मध्ये चीनच्या स्वाधीन होणार, हे त्या वर्षीच्या ब्रिटन-चीन संयुक्त जाहीरनाम्याने ठरले. जार्डिन मॅथेसन या तेथील जुन्या व्यापारी समूहाने आपले कायदेशीर ठाणे बर्म्युडाला हलवण्याचे त्याच वर्षी जाहीर केले. आणि ब्रिटिश व्हर्जिन बेटांनी आंतरराष्ट्रीय व्यापारी कंपन्यांसाठीचा, म्हणजे बेटांवर नोंदवलेल्या पण व्यवहार बेटांबाहेर करणाऱ्या कंपन्यांसाठीचा, स्वतंत्र कायदाही तेव्हाच केला. अशील हाँगकाँगमध्ये आणि त्याच्या कंपनीला लागू होणारा कायदा अर्ध्या जगापलीकडे, अशी स्थिती झाल्यावर वकिलांनी अशिलाच्या गावी जाणे क्रमप्राप्तच होते.

'फर्म'साठी मी निःशंकपणे 'पेढी' सुचवतो. 'विधी संस्था' वाचून विधी महाविद्यालय डोळ्यांपुढे येते. फर्म म्हणजे मुळात भागीदारी, १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यातही हाच अर्थ आहे, आणि खानदेशातील सराफ व आडते यांच्या तोंडी 'पेढी' हा शब्द याच अर्थाने आजही आहे. शिवाय भागीदारांचे नाव आणि त्यांची पत या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात येतात.

म्हणून 'ऑफशोअर कायद्याची आंतरराष्ट्रीय पेढी' असे लिहावे. षष्ठीमुळे विशेषण कायद्याला चिकटते, आणि 'ऑफशोअर' हा शब्द वाणिज्याच्या वाचकाला परिचित असल्याने तो देवनागरीत तसाच ठेवण्यात काही वावगे नाही. 'वृद्धी'ऐवजी, नव्या कार्यालयांविषयी बोलायचे असेल तेथे 'विस्तार' आणि उलाढालीविषयी बोलायचे असेल तेथे साधे 'वाढ' वापरावे.