होस्टिंगवरील माझ्या डोमेनच्या नावाने बनावट ईमेल जात आहेत. एसपीएफ नोंद (डोमेनच्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात याची यादी) पुरेशी आहे का?
नाही, केवळ एसपीएफ पुरेसे नाही. त्याच्या जोडीला प्रत्येक मेलवर डीकेआयएमची (मेल खरा आहे हे पटवणारी) डिजिटल सही असायला हवी आणि ती तपासण्याची सार्वजनिक किल्ली व डीमार्कचे धोरण (तपासणीत नापास झालेल्या मेलचे काय करायचे याची सूचना) डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या यादीत, असायला हवे. कारण एसपीएफ तपासते ते पाकिटावरचा, म्हणजे मेल परत येण्याचा पत्ता; वाचणाऱ्याला 'फ्रॉम'समोर जे डोमेन दिसते त्याकडे ते पाहतही नाही, आणि तोतया नेमके तिथेच तुमचे डोमेन लिहितो. दिसणारे डोमेन आणि तपासणीत उत्तीर्ण झालेले डोमेन जुळते का, हे डीमार्क पाहते. डीएनएसमधील एसपीएफची टीएक्सटी (मजकुराची) नोंद मात्र एकच ठेवावी: होस्टिंग कंपनीची एक आणि वृत्तपत्रिका पाठवणाऱ्या सेवेची दुसरी, अशा दोन झाल्या की तपासणीच त्रुटीत निघते, शिवाय एसपीएफचे मानक असलेल्या आरएफसी ७२०८ नुसार या नोंदीच्या तपासणीत होणाऱ्या डीएनएस विचारणा १० पेक्षा जास्त चालत नाहीत. डीमार्कचे धोरण प्रथम 'नन' (काहीच कारवाई नको) ठेवून काही आठवडे डीमार्कचे अहवाल वाचावेत, आपले सर्व खरे मेल उत्तीर्ण होत आहेत याची खात्री करावी आणि मगच 'क्वारंटाइन' (संशयित मेल स्पॅममध्ये टाकणे) व शेवटी 'रिजेक्ट' (मेल नाकारणे) करावे; घाई केल्यास स्वतःचीच बिले ग्राहकांपर्यंत पोहोचत नाहीत. एखादे अक्षर बदलून घेतलेल्या, तुमच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या डोमेनवरून आलेल्या मेलला मात्र यांपैकी कशानेही आळा बसत नाही.