वाचकांचे प्रश्न : स्ट्रोकचा स्कोअर दोघांचा वेगळा का येतो?

प्रश्न : न्यूरॉलॉजीच्या सीएमईला (डॉक्टरांसाठीच्या शिक्षण-व्याख्यानांना) नियमित जातो. तरीही एकाच रुग्णाचा एनआयएच स्ट्रोक स्केलचा (मेंदूच्या झटक्याची तीव्रता एकेक बाब तपासून ४२ पैकी गुणांत मोजणारी पट्टी; जास्त गुण म्हणजे जास्त गंभीर) स्कोअर माझा ९ येतो, तर सहकाऱ्याचा ६. सराव कसा करावा?

उत्तर : व्याख्यान ऐकून हे जमत नाही, हात बसावा लागतो. व्हिडिओवरचा एकच रुग्ण दोघांनी स्वतंत्रपणे तपासावा आणि बेरीज न जुळवता एकेक बाब ताडून पाहावी. दोघांची बेरीज सारखी असूनही आतले आकडे वेगळे असू शकतात. मतभेद बहुधा चेहऱ्याच्या लकव्यात आणि अ‍ॅटॅक्सियात (हातापायांच्या हालचालींचा ताळमेळ बिघडणे) सापडतील. अ‍ॅटॅक्सियाला गुण तेव्हाच, जेव्हा हा ताळमेळ अशक्तपणाच्या मानाने जास्त बिघडलेला असेल. हात पूर्ण लुळा असेल किंवा रुग्णाला सूचनाच कळत नसेल, तर शून्य. इथे घाईत २ लिहिले जातात आणि स्कोअर फुगतो.

अशक्तपणा तपासताना रुग्णाने हात उचलून धरायचा : रुग्ण बसलेला असेल तर ९० अंशांवर, झोपलेला असेल तर ४५ अंशांवर, १० सेकंद. पाय झोपवूनच, ३० अंशांवर ५ सेकंद. सेकंद मोठ्याने मोजा, अंदाजाने नको. रुग्णाला पुन्हापुन्हा सांगून, प्रोत्साहन देऊन उत्तर सुधारून घेऊ नका. पहिला प्रतिसादच नोंदवायचा. वाचाघाताची (बोलणे-समजणे बिघडण्याची) तपासणी तेवढी याला अपवाद.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. कमी स्कोअर म्हणजे सौम्य स्ट्रोक, असे धरू नका. ४२ पैकी ७ गुण भाषेशी निगडित, दुर्लक्षाला (एका बाजूचे भानच नसणे, जे बहुधा उजव्या मेंदूच्या झटक्यात दिसते) फक्त २. त्यामुळे उजव्या मेंदूचा मोठा झटकाही लहान भासतो. मेंदूच्या मागच्या भागातल्या झटक्यात चक्कर आणि चालताना तोल जाणे एवढेच असेल, तर स्कोअर शून्यही येतो. म्हणून रुग्णाला चालवून पाहाच.